आईचा रक्तदाब, मामांचा स्टेंट आणि अर्जुनसालीचे चूर्ण

कातळसडा (देवगड) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. घरातील दोन माणसांच्या औषधांविषयी एकाच वेळी निर्णय घ्यायची वेळ आली आहे आणि जितक्या जणांना विचारावे तितका गोंधळ वाढतो आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आई ५८ वर्षांची आहे. चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे नेले तेव्हा तिचा रक्तदाब १५२/९४ भरला आणि रक्ततपासणीत एलडीएल (म्हणजे वाईट) कोलेस्टेरॉल १५८ आले. साखर व्यवस्थित आहे, ईसीजीतही काही निघाले नाही. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि रोसुवास्टॅटिन १० अशा दोन गोळ्या लिहून दिल्या. परंतु एकदा गोळी लागली की ती मरेपर्यंत सुटत नाही, या धास्तीने आई पहिली गोळी मनाला येईल तेव्हा घेते आणि दुसरीच्या पाकिटाला तिने अजून हात लावलेला नाही. त्याऐवजी शेजारच्या काकूंनी दिलेले अर्जुनसालीचे चूर्ण, अनशापोटी लसणीच्या चार पाकळ्या आणि दिवसातून दोनदा आगळ (कोकमाचा रस) घातलेले पाणी, असा तिचा नेम सुरू आहे.

मामा ६३ वर्षांचे असून कुडाळला राहतात. सात महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि कोल्हापूरला अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अटोर्वास्टॅटिन ४० आणि मेटोप्रोलॉल एवढ्या गोळ्या चालू आहेत. अलीकडे पोटऱ्या दुखतात अशी त्यांची तक्रार आहे. मुंबईच्या एका स्नेह्यांनी त्यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि लाल तांदळापासून केलेले कुठलेसे परदेशी चूर्ण पाठवले असून, हे सुरू करून बाकीचे सगळे बंद करावे असा निरोपही दिला आहे.

नैसर्गिक उपायांबद्दल माझ्या मनात अढी नाही. त्यांचा खरोखर किती परिणाम होतो आणि गोळीची जागा ते कोणाच्या बाबतीत घेऊ शकतात, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. शक्य असल्यास आकड्यांसह सांगावे, कारण आमच्या घरात आकड्याशिवाय कोणी कोणाचे ऐकत नाही.

औषधवाला (कणकवली)

आपण दोन रुग्णांचे एकत्र विचारले आहे, पण उत्तरे अगदी वेगळी आहेत. मामांचे आधी लिहितो, कारण तेथे उशीर परवडणारा नाही.

स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत ठेवलेली धातूची जाळी. तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर पूर्ण चढेपर्यंत रक्ताची गुठळी धरण्याचा धोका राहतो आणि अशी गुठळी धरली तर तो दुसरा, बहुधा पहिल्याहून मोठा झटका असतो. झटक्यानंतर बसवलेल्या स्टेंटसाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी धरू न देणारी जोडी साधारणपणे वर्षभर देतात, त्यानंतर त्यातील एक थांबवायची की नाही हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात. सातव्या महिन्यात ती कोणाच्या निरोपावरून बंद करू नये. मेटोप्रोलॉलही एकाएकी सोडायची गोळी नव्हे. ती अचानक तोडल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात आणि छातीत दुखू लागू शकते.

आता त्या परदेशी चूर्णाविषयी. त्याचा आपल्या लाल तांदळाशी संबंध नाही. भातावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवून ते तयार करतात आणि त्यात मोनॅकोलिन के हा घटक असतो. रासायनिकदृष्ट्या मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिन, म्हणजे १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली बाजारातील पहिली स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या जातीची) गोळी. मामा अटोर्वास्टॅटिन घेतच आहेत. त्यावर हे चूर्ण घेतले तर एकाच जातीची दोन औषधे पोटात जातील आणि स्नायूंचे दुखणे वाढण्याचीच शक्यता अधिक. अटोर्वास्टॅटिन सोडून हे घेतले तर स्टॅटिन टाळले असे होत नाही, किती मात्रेचे स्टॅटिन घेतले हे मात्र कळेनासे होते, कारण अशा डब्यांमध्ये मोनॅकोलिनचे प्रमाण उत्पादनागणिक बदलते.

माशाच्या तेलाचेही पाहू. दुकानात मिळणाऱ्या हजार मिलिग्रॅमच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए आणि डीएचए ही उपयोगाची ओमेगा-३ आम्ले मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. लेबलाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायटल या अमेरिकन चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ दिले गेले, परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या रिड्यूस-इट चाचणीत शुद्ध ईपीएच्या रोज चार ग्रॅम मात्रेने असा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला खरा, पण ते रुग्ण ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) वाढलेले होते आणि सगळे स्टॅटिन घेत होते. मोठ्या मात्रेत ओमेगा-३ घेतल्याने हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण वाढते, हेही त्याच काळात पुढे आले.

पोटऱ्यांच्या दुखण्याची तक्रार खोटी समजू नये, पण कारण तपासावे. इंग्लंडमधील सॅमसन चाचणीत स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडून दिलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी कोरी (औषध नसलेली) गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याचा ९० टक्के भाग कोऱ्या गोळीच्या महिन्यांतही झाला होता. मामांनी डॉक्टरांकडे सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉईड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. गरज पडली तर मात्रा कमी करता येते, दुसरे स्टॅटिन देता येते किंवा एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या जातीची गोळी जोडता येते. चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर सुटत असेल, तर मात्र पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात, हे विसरू नका.

निसर्गस्नेही (गुहागर)

वरील सर्व आकडे गोळ्या विकणाऱ्यांच्या सोयीचे आहेत, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. आमच्या आजोबांनी आयुष्यभर खोबरे खाल्ले, सुके मासे खाल्ले, एक गोळी घेतली नाही आणि नव्वदी पार केली. लसूण आणि अर्जुन यांनी रक्तवाहिन्या साफ होतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आईंच्या गोळ्या हळूहळू बंद कराव्यात.

वैद्य, आयुर्वेद चिकित्सक (सावंतवाडी)

गुहागरच्या दादांना माझे उत्तर असे, की नव्वदी गाठलेले आजोबा आपल्याला आठवतात, पन्नाशीत शेतावर कोसळलेल्या माणसाचे कारण मात्र घरात ‘वारे लागले’ एवढेच सांगितले जाते. शिवाय आजोबा खोबऱ्याबरोबर दिवसभर डोंगर चढत-उतरत होते, हे गणितातून गाळता येत नाही.

मी स्वतः अर्जुन देतो, म्हणून त्याविषयी मला बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो. हृद्रोगात अर्जुनाचा क्षीरपाक सांगितलेला आहे: एक भाग भरड साल, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी एकत्र करून पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर उकळायचे. पाकिटातले चूर्ण चमच्याने कोमट पाण्यात ढवळून पिणे हा तो कल्प नव्हे. आता परिणामाचे बोलायचे तर हृदयाच्या निकामीपणावर आणि छातीतील दुखण्यावर जुन्या, लहान चाचण्यांमध्ये अर्जुनाचे निष्कर्ष आशादायक होते. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका दुहेरी-अंध (खरे औषध कोणाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत हृदयाची पंप करण्याची क्षमता अर्जुनाने वाढल्याचे दिसले नाही. स्टेंटमध्ये गुठळी होऊ न देण्यासाठी क्लोपिडोग्रेलऐवजी अर्जुन, असे मी कोणालाही सांगणार नाही आणि जो वैद्य सांगेल त्याच्याकडे जाऊ नये.

‘नैसर्गिक’ आणि ‘औषधी’ अशी जी दोन टोके मानली जातात, त्याबद्दल सर्पगंधेची हकिगत सांगण्याजोगी आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेने वाढलेला रक्तदाब उतरतो हे रुग्णांच्या नोंदींसह मांडले. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले आणि जगभर रक्तदाबाची गोळी म्हणून ते वापरले गेले. मुळी आपल्याच जंगलातली, परिणाम खरा. पण मात्रा चढली की मनाला गाढ औदासीन्य येते हा दुष्परिणामही तितकाच खरा निघाला. त्यामुळे वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, हे मी मान्य करीत नाही. कोणी सर्पगंधेची पुडी आईंना दिलीच तर ती परत करावी.

आणखी एक. पावसाळ्यात खोकल्यासाठी घरोघरी ज्येष्ठमध चघळतात. तो रोज आणि फार दिवस घेतल्यास शरीरात मीठ व पाणी धरले जाते, पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब वाढतो. आईंना ती सवय आहे का, हे पाहावे.

तिरफळ, आहारतज्ज्ञ (रत्नागिरी)

मी आईंविषयीच लिहिते. त्यांना झटका आलेला नाही, साखर नाही, रक्तदाब मध्यम वाढलेला आहे. अशा रुग्णाच्या बाबतीत आहार आणि व्यायाम यांना खरोखर वाव असतो आणि डॉक्टरांच्या नजरेखाली तीन महिने नेटाने प्रयत्न करून पुन्हा मोजणे हा रास्त मार्ग आहे. हे मात्र डॉक्टरांना सांगून करावे. सध्या चालले आहे ते, म्हणजे गोळी दोन दिवस घ्यायची आणि तीन दिवस विसरायची, सर्वांत वाईट, कारण त्यात गोळीचा परिणाम कळत नाही आणि पथ्याचाही नाही.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत आहाराची कमाल ताकद किती, हे टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या प्रयोगांतून चांगले कळते. २००३ मध्ये त्यांनी रुग्णांना ओट्स-जव-इसबगोलासारखे चिकट तंतू, सोयाबीन, बदाम आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल असा संपूर्ण आहार महिनाभर पुरवला, तेव्हा एलडीएल सुमारे २९ टक्के उतरले. लोव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात ते ३१ टक्के उतरले. हा आकडा समाजमाध्यमांवर फार फिरतो. त्याचा पुढचा भाग फिरत नाही: २०११ च्या चाचणीत लोकांनी हाच आहार आपापल्या घरी सहा महिने सांभाळला, तेव्हा घट १३ ते १४ टक्क्यांवर आली. आईंच्या १५८ मधून तेवढे वजा केले तर १३७ च्या आसपास येते. ही घट लहान नाही, पण ती पुरेशी आहे की नाही हे त्यांच्या एकूण जोखमीवर ठरेल.

डबाबंद पूरकांचे म्हणाल तर २०२२ च्या स्पोर्ट चाचणीने पुष्कळ गोष्टी स्पष्ट केल्या. माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, स्टेरॉल आणि तोच बुरशीचा तांदूळ यांची तुलना रोसुवास्टॅटिनच्या अवघ्या पाच मिलिग्रॅमशी केली. २८ दिवसांत गोळीच्या गटात एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरले आणि सहा पूरकांपैकी एकही कोऱ्या गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरले नाही. चाचणी लहान मुदतीची होती, एवढा आक्षेप घेता येईल. आमटीतली लसूण सुखाने खावी; तिच्या भरवशावर पाकीट बाजूला ठेवू नये.

खरी मेख आपल्या कोकणी ताटात आहे आणि ती मिठाची आहे. आगळ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते, त्यामुळे हृदयासाठी म्हणून आई दिवसातून दोनदा जे पाणी पितात ते बहुधा रक्तदाब वाढवणारेच आहे. त्याऐवजी बिनमिठाची सुकी आमसुले रात्री भिजत घालून ते पाणी घ्यावे. साखरेत मुरवलेले अमृतकोकम हा काही उतारा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचाही पूर्ण न भरेल इतके, मीठ पुरे. आपल्याकडे पेजेबरोबरचे लोणचे, खारातली कैरी, पापड आणि खारा बांगडा यांनीच ते सकाळी संपते. सुक्या मासळीत मात्र भेद करावा: जवळा आणि काठीवर वाळवलेले बोंबील बहुधा मिठाशिवाय वाळवतात, तर खारा बांगडा मिठातच मुरलेला असतो. १९९७ च्या डॅश चाचणीत भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर दिल्यावर, मीठ न बदलताही, वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला होता. एका गोळीइतकाच हा परिणाम आहे.

खोबऱ्याबद्दल बोलले की आपली माणसे दुखावतात, तरी सांगते. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते आणि दिवसाची मर्यादा अठराशे कॅलरींच्या आहारात २० ग्रॅमच्या आसपास येते. खोबरेल तेलावरील चाचण्यांच्या २०२० मधील एकत्रित विश्लेषणात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सुमारे १० अंकांनी चढलेले दिसले. खोबरे वर्ज्य करायला मी सांगत नाही. वाटपाची आमटी, त्यावर सोलकढी आणि भाजीवर पुन्हा मूठभर खोबरे, हे एकाच जेवणात नको. बांगड्याचे तिखले तिरफळ आणि आमसुलावर उत्तम होते, त्याला वाटप लागतच नाही. बांगडा, तारली, पेडवे या स्वस्त मासळीत ओमेगा-३ भरपूर असते. आठवड्यातून दोनदा ती कालवणात खाल्ली तर कॅप्सूलचे पैसे वाचतात. रव्यात घोळून तेलात तळली की तो हिशेब बिघडतो. पावसाळी मासेमारीबंदीत कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला आणि टाकळा हे सगळे परसातच मिळते. रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यासोबत घेतल्यास एलडीएल आणखी पाच-सात टक्के उतरू शकते, मात्र इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

आणि एक प्रश्न, जो आपण स्वतः विचारणार नाही म्हणून मीच विचारते: आई मिश्री लावतात का? आपल्याकडच्या साठीच्या जवळच्या कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ती तंबाखू आहे असे त्यांना वाटतच नाही. निकोटिनाने नाडी व रक्तदाब दोन्ही चढतात.

कातळसडा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मामांना औषधवाल्यांचे उत्तर वाचून दाखवले. चूर्णाचा डबा त्यांनी कपाटात ठेवला आहे, गोळ्या चालू आहेत आणि कोल्हापूरची वेळ घेतली आहे. पोटरी चालताना भरत नाही, रात्री दुखते, असे ते म्हणतात.

आईच्या बाबतीत आहारतज्ज्ञ ताईंचे दोन्ही अंदाज बरोबर निघाले. आगळाची बरणी तिरकी करून पाहिली तर तळाशी न विरघळलेल्या मिठाचा बोटभर थर होता. मिश्रीही आहे, सकाळ-संध्याकाळ. ती सोडण्याविषयी अजून ‘बघू’ एवढेच उत्तर मिळाले आहे. टेल्मिसार्टन रोज सकाळी घ्यायला ती तयार झाली असून रोसुवास्टॅटिनबद्दल तीन महिने आहार सांभाळून पुन्हा तपासू, असे आमच्या डॉक्टरांनीही मान्य केले आहे.

शेवटची एक शंका आहे. मीठ कमी करायचेच, तर बाजारातले कमी सोडियमचे मीठ आणले तर चालेल का? घरचे माड असल्याने आई रोज शहाळेही पिते, ते चालू ठेवावे ना? आणि घरी रक्तदाब मोजायचा तर नेमका कसा?

औषधवाला (कणकवली)

कमी सोडियमच्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. त्याचा उपयोग खरा आहे: चीनमधील सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. पण आई टेल्मिसार्टन घेतात आणि ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. तिच्या जोडीला पोटॅशियमचे मीठ आणि पुन्हा रोजचे शहाळे, ज्यात पोटॅशियम भरपूर असते, असे तिन्ही एकत्र आले आणि मूत्रपिंडे थोडी जरी मंद असली, तर पोटॅशियम हृदयाच्या लयीला धोका होईल इतके चढू शकते. म्हणून आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम तपासून घ्यावे. अहवाल व्यवस्थित आला तर अधूनमधून शहाळे घ्यायला हरकत नसावी. ते विशेष मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, साधेच मीठ कमी वापरावे. बागेत पपनस असेल तर तेही लक्षात ठेवा. ग्रेपफ्रूटच्या या भावंडात अटोर्वास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढवणारे घटक असतात, तेव्हा मामांना ते देऊ नये.

मोजण्यासाठी दंडाला बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको. चहा आणि मिश्री यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, पाठ टेकून पाच मिनिटे न बोलता बसावे, दंड छातीच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे आठवडाभर. पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. ती वहीच डॉक्टरांना दाखवावी, गोळी कमी करायची की नाही हे त्यांना त्यावरूनच ठरवता येईल. खर्चाची अडचण असेल तर रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात, तेथे कार्ड करून घ्या.